क्योटोत घडीच्या पंख्यावर फुलं रंगवायचा क्लास: पैसे वसूल, पण पंखा त्याच दिवशी हवा असेल तर जाऊ नका

आधीच सांगून टाकते, क्योटोत पंखा रंगवायचे क्लास दोन प्रकारचे असतात आणि बुकिंगच्या साइटवर दोघांचे फोटो सेमच दिसतात, हसरे टुरिस्ट आणि हातात फुलांचा पंखा. एका प्रकारात तुम्हाला तयार, घड्या पडलेला पांढरा पंखा देतात, त्यावर तासाभरात रंगवा आणि घेऊन जा. दुसऱ्यात पंख्याच्या आकाराचा सपाट कागद देतात, तो रंगवून तिथेच ठेवून यायचा, मग तो कारागिरांकडे जातो, घड्या पडतात, बांबूच्या काड्या बसतात आणि साधारण महिना-दीड महिन्याने पंखा पोस्टाने घरी येतो. मी दोन्ही केलेत. हा रिव्ह्यू दुसऱ्या प्रकारच्या क्लासचा आहे, पहिल्याबद्दल खाली दोन ओळी लिहिते, त्याला तेवढ्या पुरतात.

दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण थोड्या तक्रारी पण आहेत आणि जुनं, घरचंच दुकान आहे. शिजो कारासुमाच्या चौकापासून चालत दहा-बारा मिनिटं, जुन्या लाकडी घरात, पुढे दुकान आणि मागे चपला काढून तातामीवर, म्हणजे गवती चटईवर बसायची खोली. गुडघे दुखत असतील तर आधी सांगा, बुटकी खुर्ची देतात. माणशी साडेतीन हजार येनच्या आसपास, म्हणजे आपले दोनेक हजार रुपये, पोस्टाचे वेगळे. आम्ही ओसाकाला राहतो त्यामुळे पोस्ट फार पडलं नाही, भारतात पाठवणार असाल तर आकडा आधी विचारून घ्या, तो जरा टोचतो.

माझ्याबरोबर माझी नणंद होती, ठाण्याहून आलेली. ताई तिकडे मुलांचे ड्रॉइंगचे क्लास घेतात, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी वगैरे, म्हणजे चित्रकलेत माझ्यापेक्षा शंभर पटीने पुढे. आणि गंमत म्हणजे क्लासमध्ये सगळ्यात जास्त अडल्या त्याच. का ते सांगते.

कागद समोर आला की आधी कळत नाही सुरुवात कुठून करायची. वर मोठी कमान, खाली छोटी कमान, सरळ रेघ कुठेच नाही, जमीन कुठे आणि आभाळ कुठे काही पत्ता नाही. ताईंनी नेहमीच्या सवयीने मधोमध मोठं फूल, दोन बाजूंना दोन, खाली पानं अशी पेन्सिल सुरू केली. शिकवणाऱ्या बाई, साठीच्या असतील, अॅप्रन घातलेल्या, त्या शेजारी येऊन बसल्या, काही बोलल्या नाहीत, एक जुना रंगवलेला पंखा आणला आणि ताईंच्या समोर अर्धाच उघडला. अर्ध्या पंख्यात चित्राची एकच बाजू दिसते ना, आणि तेवढीसुद्धा पूर्ण वाटत होती, एक कळी, एक वेलाचा तणाव, बाकी कोरा कागद. मग पूर्ण उघडला तेव्हा दुसऱ्या टोकाला फुलं आली. ताई म्हणाल्या, "अगं, एवढं रिकामं ठेवायचं? आमच्याकडे मार्क कापतात रिकामं ठेवलं तर!" मी ते जपानीत सांगितलं तर बाई एवढ्या हसल्या की पलीकडच्या टेबलवरचे लोक बघायला लागले.

पण मुद्दा खरा आहे. पंखा कोणी भिंतीवर टांगलेल्या चित्रासारखा बघत नाही, तो अर्धा उघडतो, हलतो, मिटतो. त्यात आणखी एक भानगड, घडीचा पंखा कधीच पूर्ण सपाट होत नाही, घड्या उभ्या राहतात, त्यामुळे चित्र आडवं आवळलं जातं. तुम्ही कंपासने काढल्यासारखं गोल फूल काढलंत तर पंख्यावर ते उभट दिसणार. म्हणून फूल मुद्दाम जरासं रुंद काढायचं. आणि फुलाचा मधला भाग, केसर वगैरे बारीक काम, घडीच्या टोकावर आलं की दुमडून जातं. क्योटोच्या पंख्यांना काड्या बऱ्याच असतात, साधारण पंचवीस ते पस्तीस, म्हणजे घड्या अरुंद, एक पाकळी सहज दोन-तीन घड्या ओलांडते. टोक्योच्या, म्हणजे एदो पद्धतीच्या पंख्याला काड्या कमी, पंधरा-अठरा, घड्या रुंद, त्यामुळे तिथलं डिझाइनच वेगळं, मोठ्या ठसठशीत आकारांचं. हे सगळं मला त्या खोलीत बसल्यावर कळलं, त्याआधी मला दोन्ही पंखे सारखेच वाटायचे.

आता रंगांचं. इथे पोस्टर कलरची सवय घरी ठेवून यायची. जाड रंग घडीवर तडकतो, आणि नाही तडकला तरी मिटल्यावर समोरच्या घडीला चिकटतो. कागदाला आधीच सरस आणि तुरटीचं पाणी दिलेलं असतं म्हणजे रंग फुटत नाही, तुम्ही पातळ पाण्यासारखा रंग लावायचा, वाळला की परत वर एक हात. पांढरा रंग शिंपल्यांची पूड करून सरसात मळलेला असतो, गोफुन म्हणतात, तो क्लासमध्ये तयार छोट्या वाटीत देतात आणि अगदी शेवटी कणभर वापरायला लावतात. मी विचारलं खऱ्या कारागिराचं पण असंच का, तर म्हणाल्या की गोफुनचा गोळा बशीवर आपटून आपटून मळायलाच बराच वेळ जातो, तुम्हाला तेवढं बसवलं तर फूल कोण काढणार.

सगळ्यात भारी भाग म्हणजे त्यांनी काढून दाखवलेलं असागाओ, म्हणजे मॉर्निंग ग्लोरी, आपल्याकडे कुंपणावर चढते तीच जात. रुंद ब्रश आधी स्वच्छ पाण्यात पूर्ण भिजवला, फडक्यावर टेकवला, मग अर्ध्यापर्यंत फिकट निळ्यात, मग नुसतं टोक गडद निळीत, आणि बशीच्या कडेला दोन-तीनदा असा पुसला की तिन्ही रंग ब्रशमध्येच एकमेकांत उतरले. मग ब्रश आडवा टेकवला, टोक फुलाच्या बाहेरच्या कडेला आणि बूड मध्याकडे, आणि हात न उचलता गोल फिरवला. कड गडद, आत येता येता फिकट, मध्यात पांढरा कागद तसाच. एवढंच! आउटलाइन नाही, काही नाही. ओलं असतानाच एका ठिकाणी जास्तीचा एक थेंब सोडला, तो पसरत गेला आणि थांबला तिथे पाकळीची शीर असल्यासारखं दिसायला लागलं. देठाला आणि पानाला मात्र शाई, आणि पान एका फटक्यात, मधली शीर पान अर्धवट ओलं असताना. दोन मिनिटंही लागली नसतील. आमच्या खोलीत चिडीचूप.

हा ओल्यात थेंब सोडायचा प्रकार क्योटोचाच जुना आहे, सोतात्सु नावाचा चित्रकार सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे तावाराया नावाचं दुकान चालवायचा आणि ते दुकान प्रसिद्ध होतं ते पंख्यांसाठीच. म्हणजे जपानी चित्रकलेतलं एवढं मोठं नाव पंखेवाला होता. दाइगोजी मंदिरात त्याच्या पंख्यांची चित्रं चिकटवलेला पडदा जपून ठेवलाय. पुढे ओगाता कोरिन या चित्रकाराने तीच वाट धरली, त्यानेही पंखे रंगवले. तेव्हा पंखा रंगवणं म्हणजे टाइमपास क्राफ्ट असं कोणाला वाटत असेल तर तसं नाहीये.

फूल कुठलं निवडायचं याची पण एक शिस्त आहे. नमुन्यांची फाइल देतात, महिन्याप्रमाणे लावलेली, फेब्रुवारीला प्लम, एप्रिलला साकुरा, मेमध्ये आयरिस, जूनला हायड्रेंजिया, जुलैला असागाओ, मग किक्यो म्हणजे ते जांभळं पाच पाकळ्यांचं चांदणीसारखं फूल, शेवटी शेवंती. बाईंनी सांगितलं की फूल ऋतूच्या जरा आधीचं घ्यावं, ऋतू संपल्यावर त्याचा पंखा वापरणं बरं दिसत नाही. आता आमचा पंखाच महिना-दीड महिन्याने येणार, म्हणजे आम्ही जूनमध्ये बसून हायड्रेंजिया काढलं तर तो हातात येईपर्यंत जुलै संपत येणार! म्हणून किक्यो घ्या असा त्यांचा सल्ला, मी ऐकलं. ताईंनी ऐकलं नाही, त्यांना असागाओच काढायचं होतं, ते पाहिल्यावर कोण ऐकेल म्हणा.

फाइलमध्ये एक नमुना दुधीच्या फुलाचा होता. हो, आपला दुधी भोपळा! युगाओ म्हणतात, संध्याकाळी उमलणारं पांढरं फूल. गेंजीच्या कथेत, म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या जपानी कादंबरीत, एका घरातून राजपुत्राला हेच फूल सुगंधी पांढऱ्या पंख्यावर ठेवून पाठवतात, त्यामुळे पंखा आणि दुधीचं फूल ही जोडी जपानी लोकांना लगेच कळते. ताईंना सांगितलं तर विश्वासच बसेना, म्हणे आमच्या गच्चीवरच्या कुंड्यांत रोज फुलतंय ते, आम्ही त्याच्याकडे फक्त दुधी कधी लागणार म्हणून बघतो.

क्लास दीड तासाचा. त्यातली पहिली पंधरा-वीस मिनिटं माहिती, ती जपानीत, सोबत इंग्रजीचा एक लॅमिनेट केलेला कागद. कागदावर निम्मंच आहे. उदाहरणार्थ पंखा कसा बनतो हे बाई जपानीत फार छान सांगतात, कागद तीन थरांचा असतो, मधला थर मुद्दाम असा की तो नंतर दोन पदरांत सुटावा, ओलसर कागद दोन साच्यांमध्ये धरून हाताने घड्या घालतात, साचे म्हणजे पर्सिमनचा तुरट रस पाजून कडक केलेला कागदच, मग मधल्या थरात बांबूच्या सळीने वाट करतात आणि तोंडाने फुंकर मारून ती उघडतात आणि खळ लावलेल्या काड्या झटकन आत सरकवतात. तोंडाने फुंकर! मी तर हेच ऐकायला परत जाईन. काड्या क्योटोच्या नसतातच, शेजारच्या शिगामधल्या आदोगावा भागातून येतात, जपानमध्ये बनणाऱ्या बहुतेक काड्या तिथल्याच. प्रत्येक टप्प्याचा माणूस वेगळा, घडी घालणारा फक्त घडीच घालतो. क्योटोत म्हणायची पद्धत आहे की एक पंखा 87 वेळा कारागिरांच्या हातांखालून जातो. यातलं इंग्रजी कागदावर काय आहे, तर "कुशल कारागीर पंखा बनवतील". बास. जपानी येत नसेल तर कोणीतरी सोबत न्या, नाहीतर क्लासचा अर्धा आनंद गेला.

दुसरी तक्रार जरा मोठी. घड्या घालून झाल्यावर पंख्याची वरची आणि खालची कड कापून सारखी करतात. हे आम्हाला कोणी धड सांगितलंच नाही. कागदावर कडेला एक फिकट रेघ होती पण ती नमुन्याची असेल असं वाटलं, कोणी विचारणार पण नाही. ताईंनी खाली कोपऱ्यात मराठीत नाव आणि साल घातलं होतं, पंखा आला तर नावाचे पाय गायब आणि फक्त शिरोरेषा उरलीय. वीस वर्षं मुलांना "सही कडेपासून लांब करा" सांगणाऱ्या बाईची सही कापली गेली म्हटल्यावर घरी काय हसू झालं असेल ते समजून घ्या, पण दुकानाने हे ठळक लिहायला पाहिजे. मी मेल केला, उत्तर फार नम्र आलं, तीन वेळा माफी, आणि पुढच्या वेळी सवलत. रेघेबद्दल काही करणार का, ते मात्र लिहिलं नव्हतं.

तिसरी, रंग ठरावीक आठच देतात आणि त्यात हिरवा एकच, तो पण बाटलीतल्या सरबतासारखा. बाईंनी शिकवलं की त्यात थोडी शाई घाला, मग पान पानासारखं दिसतं. चालतंय, पण त्या पैशात अजून एक-दोन रंग चालले असते.

बाकी हातात आलेला पंखा मात्र झकास. माझं किक्यो काही ग्रेट नव्हतं, कागदावर बघताना पाकळ्या जरा लठ्ठच वाटत होत्या, पण घड्या पडल्यावर त्या नेमक्या बारीक झाल्या, म्हणजे रुंद काढा म्हणाल्या ते बरोबर होतं. प्रत्येक घडीची एक बाजू उजेडात आणि एक सावलीत, त्यामुळे एकाच निळ्याचे दोन निळे दिसतात आणि हे तुम्ही रंगवलेलंच नसतं. बाहेरच्या दोन जाड काड्या गरम करून आत वाकवलेल्या असतात म्हणून मिटताना तो "टच" असा आवाज येतो. शंभर येनच्या दुकानातल्या पंख्याला हा आवाज येत नाही, बघा कधी. वारा पण चांगला लागतो, उगीच शोभेचा नाही, ऑफिसात एसी बंद पडला तेव्हा मी वापरला आणि शेजारची सहकारी म्हणाली कुठून घेतला. मी केलाय म्हटलं! खरं तर एक थर रंग माझा, बाकी सगळं त्यांचं.

आता तयार पंख्यावर रंगवायच्या क्लासबद्दल. ब्रश प्रत्येक काडीवर उडी मारतो, रंग घडीच्या खाचेत जाऊन बसतो आणि खाचेतून खाली ओघळतो, ब्रशने सलग गोल फिरवणं शक्यच नाही, त्यामुळे असागाओ वगैरे विसरा. शेवटी मार्कर पेन आणि स्टिकर देतात. लहान मुलं असतील, दुसऱ्या दिवशीचं विमान असेल, तर ठीक आहे, मुलं खूश होतात. फुलं रंगवायला शिकायचं असेल तर पैसे वाया.

बुक करायच्या आधी एवढं विचाराच, की कागद सपाट असणार का, कडेची किती जागा कापली जाणार, आणि पंखा भारतात पाठवता का नि कितीला. सपाट कागद म्हणाले तरच पुढे जा. पंख्याची साइज पण विचारा, बायकांचा साधारण वीस सेंटिमीटर आणि पुरुषांचा बावीस-तेवीसचा असतो, पहिल्यांदा रंगवणाऱ्याला मोठा सोपा जातो. चहाच्या समारंभाचा छोटा असतो तो घेऊ नका, त्याने वारा घ्यायचाच नसतो, तो पुढ्यात ठेवून नमस्कार करायला असतो.

त्याच दिवशी वेळ असेल तर क्लासच्या आधी, नंतर नाही, जुनी दुकानं बघून या. रोक्काकु रस्त्यावर मियावाकी बाइसेनआन आहे, 1823 पासूनचं, आत मान वर करून बघा, छताला क्योटोच्या 48 चित्रकारांची पंख्यावरची चित्रं आहेत. काही विकत घेतलं नाही तरी कोणी हाकलत नाही, आम्ही साधारण अर्धा तास मान दुखेपर्यंत बघितलं आणि शेवटी लाजून एक छोटा पंखा घेतलाच. हे आधी बघितलं की रिकामी जागा कशी सोडतात ते डोळ्यात बसतं आणि क्लासमध्ये हात आपोआप आखडता राहतो. इतिहासाची आवड असेल तर तोजी मंदिराबद्दल वाचा, तिथल्या हजार हातांच्या कान्नोनच्या, म्हणजे बौद्धांच्या करुणेच्या देवतेच्या, मूर्तीच्या हाताच्या आत लाकडी पट्ट्यांचा पंखा सापडला होता आणि त्यावर 877 साल लिहिलंय. कागदाचा पंखा त्याच्या नंतरचा.

जुलैमध्ये गिओन उत्सवाच्या दिवसांत जाऊ नका असं माझं मत, 17 तारखेच्या मिरवणुकीच्या आधीचे तीन-चार दिवस त्या भागात पाय ठेवायला जागा नसते, उकाडा असा की रंग बशीतच वाळतो, आणि क्लासवाले पण उत्सवात असतात. एक गोष्ट मात्र त्याच दिवसांत बघायला मिळते, घरांच्या आणि दुकानांच्या दारात हिओगीची फुलं मांडलेली असतात, केशरी, ठिपक्याठिपक्यांची, आणि पानं अशी पसरलेली की उघडलेला पंखाच. ती बघायची असतील तर क्लास वेगळ्या महिन्यात ठेवा.

पाचातले चार स्टार. एक कापला तो सहीसाठी. शनिवार-रविवारचे स्लॉट लवकर भरतात, मधल्या वारी सकाळचा घ्या, आमच्या वेळी दुपारच्या बॅचला गर्दी होती आणि बाई एकट्याच होत्या, सकाळी त्या तुमच्याजवळ जास्त वेळ बसतील. ताई पुढच्या वर्षी परत येणार आहेत, यावेळी दुधीचं फूल काढायचं म्हणतायत आणि सही मधोमध.